सर्वांत मोठा दिवस आणि पूर्व आशियाची पंचांगं

उत्तरायणी | २१ जून २०२५, रात्री ९:१०

आज सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी सूर्याने उत्तरेची हद्द गाठली आणि तो दक्षिणेकडे वळला. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात याची नोंद बारीक अक्षरात असते, 'दक्षिणायनारंभ' एवढीच, आणि लक्ष जातं ते शेजारच्या एकादशीकडे. चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाममध्ये मात्र या क्षणावर वर्षाची सगळी मांडणी टेकलेली आहे. चीनमध्ये याला शियाझी म्हणतात, जपानात गेशी, कोरियात हाजी, व्हिएतनाममध्ये हा ची. चौघांचं गणित एकच. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तिकडे राहणारी मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी थोडक्यात गणित. सूर्याच्या वर्षभराच्या मार्गाचे १५-१५ अंशांचे २४ भाग करायचे. प्रत्येक भागाची सुरुवात म्हणजे एक जिएची. वसंतसंपात शून्य अंशावर, शियाझी ९० अंशावर. यात उन्हाळा सुरू होतो ५-६ मेच्या लीशियाला आणि संपतो ७-८ ऑगस्टच्या लीचीउला. म्हणजे आजचा दिवस त्यांच्या उन्हाळ्याच्या बरोब्बर मधोमध येतो. इंग्रजी बातम्यांमध्ये आज 'उन्हाळा सुरू झाला' असं येतं, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

हे सगळं मोजलं कसं, हा मला सर्वांत आवडणारा भाग. चीनच्या हनान प्रांतात सोंग पर्वताच्या पायथ्याशी दंगफंग नावाचं गाव आहे. तिथे इसवी सन ७२३ मध्ये थांग राजवटीच्या दरबारातल्या नानगोंग युए या ज्योतिष्याने एक दगडी शंकू, म्हणजे सावली मोजायचा खांब, उभारला. खांबाखालच्या चौथऱ्याच्या बाजू अशा उतरत्या घडवल्यात की शियाझीला भर दुपारी सावली चौथऱ्याच्या कडेशी येऊन थांबते, जमिनीवर पडतच नाही. तिथले लोक त्याला 'बिनसावलीचा चौथरा' म्हणतात.

त्याहून जुनी परंपरा अशी की ८ छी उंचीच्या काठीची सावली शियाझीच्या मध्यान्ही जिथे १ छी ५ त्सुन भरते, ते पृथ्वीचं केंद्र (छी आणि त्सुन ही लांबीची जुनी मापं, १ छी म्हणजे १० त्सुन). 'झोऊली' या प्राचीन ग्रंथात ही दीड छीची सावली नोंदलेली आहे. मी हे पडताळून बघितलं. दीड भागिले आठ, म्हणजे सूर्य डोक्यावरून साधारण १०.६ अंश ढळलेला. दंगफंगचा अक्षांश ३४.४. वजाबाकी केली की २३.८ उरतात. आज पृथ्वीच्या अक्षाचा कल २३.४४ अंश आहे, पण तो हळूहळू कमी होतोय आणि तीन हजार वर्षांपूर्वी तो २३.८ च्याच आसपास होता! काठी आणि पट्टी घेऊन बसलेल्या माणसांची ही नोंद आहे.

त्याच आवारात १२७६ नंतरच्या काही वर्षांत ग्वो शौजिंग या ज्योतिष्याने विटांची प्रचंड वेधशाळा बांधली. आठ छीच्या काठीची सावली आखूड, त्यात टोकाला धूसर, म्हणून त्याने शंकू पाचपट केला, ४० छी. सावली पडायला जमिनीवर ३१ मीटर लांबीची दगडी पट्टी, आणि ती समपातळीत आहे ना हे बघायला तिच्यात पाण्याचे दोन समांतर चर. सावलीची कड ठळक दिसावी म्हणून बारीक छिद्राची एक पत्रीही तो वापरायचा. १२८१ मध्ये अमलात आलेल्या त्याच्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं आहे. युरोपात ग्रेगरीचं कॅलेंडर आलं १५८२ साली, आणि त्यातही वर्षाची लांबी हीच.

आता यामागची कल्पना. सर्वांत मोठा दिवस म्हटला की आपल्याला प्रकाशाचा उत्सव वगैरे आठवतो. तिकडे उलट आहे. यांग, म्हणजे ऊन-उजेडाची बाजू, आज शिगेला पोचते, आणि शिगेला पोचली की तिच्याच पोटात यिनचा, म्हणजे थंडी-अंधाराच्या बाजूचा, पहिला अंकुर फुटतो. 'लीजी' या प्राचीन ग्रंथातला महिन्यांच्या नियमांचा भाग सांगतो की या दिवसांत यिन आणि यांग झगडत असतात, तेव्हा शहाण्याने संयमाने राहावं, अंग झाकून घरात बसावं, घाई करू नये. पुढे सोंग राजवटीत सरकारी अधिकाऱ्यांना शियाझीची तीन दिवस सुटी असायची.

बीजिंगमध्ये आजही दोन वेद्या बघायला मिळतात. दक्षिणेला स्वर्गाची, गोल, तिथे सम्राट हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी पूजा करायचा. उत्तरेला पृथ्वीची, दितान, चौकोनी आणि भोवती पाण्याचा चर, तिथे आजच्या दिवशी. मिंग सम्राट च्याजिंगने १५३० मध्ये ती बांधवली. पायऱ्या, फरशा सगळं सम आकड्यांत, कारण सम आकडे यिनचे.

बाकी जेवणखाण आणि शेतीचं तुम्ही लिहा.

ओसाकाची_मेघना | २१ जून, रात्री ९:५२

ताई, सुंदर लिहिलंयस. जपानची बाजू मी मांडते.

इथे गेशी साजरी होत नाही म्हटलं तरी चालेल, कारण ती ऐन त्सुयुमध्ये येते. त्सुयु म्हणजे इथला पावसाळा, साधारण जून ते जुलैचा मध्य. दिवस कागदोपत्री साडेचौदा तासांचा, पण सूर्य दिसला तर नशीब. लोकांच्या खऱ्या लक्षात राहतो तो गेशीनंतरचा अकरावा दिवस, हांगेशो. तो २ जुलैच्या आसपास येतो. आता त्याची व्याख्या सूर्य १०० अंशांवर आला की, अशी आहे.

भाताची लावणी हांगेशोच्या आत उरकायची असा दंडक होता. उशीर झाला तर पीक निम्मं, अशी म्हणच आहे. एकदा लावणी झाली की मग विश्रांती, आणि त्यासाठी भीतीचा धाक घालून ठेवलेला: त्या दिवशी आकाशातून विष पडतं, विहिरीवर झाकण घाला, रानातली भाजी तोडून खाऊ नका. महिनाभर कमरेत वाकून लावणी केलेल्या माणसाला सक्तीची सुटी मिळावी म्हणूनच हे असणार असं मला वाटतं.

आमच्या कानसाई भागात त्या दिवशी ऑक्टोपस खातात. ऑक्टोपसच्या पायांसारखी रोपांची मुळं जमीन घट्ट धरून राहोत, हा त्यामागचा भाव. सध्या आमच्या सुपरमार्केटात मासळीच्या फळीवर 'हांगेशो' लिहिलेली पिवळी पाटी लागलीये. खाली उकडलेल्या लालसर ऑक्टोपसचे पाय काकडीच्या बाजूला रचून ठेवलेत, व्हिनेगरमधल्या कोशिंबिरीसाठी. फुकुई प्रांतात ओनोकडे याच दिवशी अख्खा बांगडा काठीला टोचून भाजतात. कागावा प्रांतात उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, कारण गहू नुकताच निघालेला असतो; २ जुलै हा तिथला उदोन दिनच आहे.

गेशीच्याच दिवशीचा एक देखणा सोहळा मात्र आहे, ईसेजवळ फुतामीला. समुद्रात दोन खडक आहेत, एक मोठा एक लहान, नवरा-बायको मानलेले, मध्ये जाड दोर बांधलेला. या सुमारास सूर्य बरोबर त्यांच्या मधून उगवतो. पांढऱ्या कपड्यातले भाविक पहाटे समुद्रात छातीभर पाण्यात उतरून सूर्योदयाची वाट बघतात, पावणेपाचच्या आसपास. हवा स्वच्छ असेल तर दोन खडकांच्या फटीत सुमारे २०० किलोमीटरवरचा फुजी दिसतो. पावसामुळे हा योग फार थोड्या वर्षी जुळतो.

शिवारातला | २१ जून, रात्री १०:२०

ताई, निफाडकडचा शेतकरी आहे. विषयातलं काही कळत नव्हतं तरी शेवटपर्यंत वाचलं. ते २४ भाग वाचून आपली पावसाची नक्षत्रं आठवली. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. आपणही पेरणीची तारीख तिथीने ठरवत नाही, मृग निघाला का ते बघतो. आणि आर्द्रा तर आता आजउद्याच लागतंय. यांचं आणि आपलं मूळ एकच म्हणायचं का?

मधुरा_एस | २१ जून, रात्री १०:२६

वाचनखूण साठवली. मेघना, पाटीचा फोटो टाक ना.

उत्तरायणी | २१ जून, रात्री ११:०५

शिवारातला दादा, मूळ एक म्हणता येणार नाही, पण गरज एकच. चांद्र महिना ऋतूच्या पुढेमागे होतो, शेतकऱ्याला तो चालत नाही. त्याला सूर्याची तारीख लागते. तिकडे त्यासाठी १५ दिवसांची जिएची, आपल्याकडे सूर्य एका नक्षत्रात असतो ते १३-१४ दिवस. आपला मृग ७-८ जूनला निघतो, त्यांचं मांगझोंग ५-६ जूनला येतं. तेही गहू काढण्याचं आणि भात लावण्याचं टिपण.

फरक आहे तो मोजणीच्या खुंटीत. आपण नक्षत्रं ताऱ्यांवरून मोजतो, ते ऋतूवरून. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्यामुळे, ताऱ्यांची मोजणी ७१-७२ वर्षांत एक दिवस ऋतूच्या मागे पडते. म्हणून आज कर्क संक्रांत १६ जुलैला येते आणि प्रत्यक्ष दक्षिणायन आजच सुरू होतं. साधारण इसवी सन २८५ च्या आसपास दोन्ही एकाच जागी होती. शियाझी मात्र दोन हजार वर्षांपूर्वीही सर्वांत मोठ्या दिवसावरच होती आणि पुढेही तिथेच राहील. पंचांग शेतीसाठी असेल तर मला त्यांची पद्धत पटते, हे मोकळेपणाने सांगते. आपल्याकडे १९५७ पासूनच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत हाच विचार आहे, तिच्यात उद्या, २२ जूनला, १ आषाढ. पण ती सरकारी कागदांच्या बाहेर आलीच नाही, याचं वाईट वाटतं.

त्यांच्याकडच्या शेतकी म्हणीतली एक तुमच्यासाठी: शियाझीपर्यंत लसूण उपटला नाही तर पाकळ्या मातीत विखुरणार.

शिवारातला | २१ जून, रात्री ११:१२

एकदम खरी गोष्ट आहे. लसूण जास्त दिवस जमिनीत राहिला की वरचा पापुद्रा सडतो आणि गड्डी फुटते. फक्त आपल्याकडे हे फेब्रुवारी-मार्चातच बघावं लागतं.

पंचांगवाचक | २२ जून, सकाळी ६:४०

उत्तम धागा. वयाची ७० ओलांडली, पण रोज सकाळी पंचांग उघडल्याशिवाय चहा घेत नाही, म्हणून चार ओळी लिहितो.

उत्तरायणी, तू महिन्यांचा मुद्दा सोडून दिलास, आणि खरी मौज तिथेच आहे. आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक महिना. चीनमध्ये २४ जिएचींपैकी एकाआड एक अशा १२ मुख्य आहेत, त्यांना झोंगची म्हणतात. ज्या चांद्र महिन्यात झोंगची येत नाही तो त्यांचा अधिक. नियम जवळपास एकच! शियाझी ज्यात येते तो पाचवा महिना, तिला तो सोडून जाता येत नाही. आपल्याकडे जशी मेष संक्रांत चैत्राला, तशी.

२०२० सालचं उदाहरण घ्या. त्या वर्षी शियाझी २१ जूनला होती आणि पाचव्या महिन्याची प्रतिपदाही त्याच दिवशी. मागची झोंगची, शियाओमान, २० मेला होऊन गेलेली. मग २३ मे ते २० जून हा महिना दोन्हींच्या मध्ये कोरडा राहिला आणि अधिक चौथा झाला. आपल्याकडे त्या वर्षी अधिक आश्विन होता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. नियम एक असून महिना वेगळा का, तर तू वर लिहिलेली ती खुंटी वेगळी म्हणून.

यंदाही त्यांना अधिक सहावा आहे, २५ जुलै ते २२ ऑगस्ट. त्यांची चूशू ही झोंगची २३ ऑगस्टला, म्हणजे महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. एका दिवसाने हुकली. आपला अधिक ज्येष्ठ पुढच्या वर्षी, १७ मेपासून.

सुचौवाला | २२ जून, सकाळी ७:१५

काका, नमस्कार. हे इतकं सोपं करून मला इथल्या कुणी सांगितलं नव्हतं.

मी शांघायच्या शेजारी सुचौला नोकरीला आहे. खाण्याचं माझ्याकडे सोपवा. उत्तरेत म्हण आहे, हिवाळ्याच्या टोकाला ज्याओझी (सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या), उन्हाळ्याच्या टोकाला शेवया. नवा गहू नुकताच घरात आलेला असतो, त्याच्या ताज्या पिठाच्या शेवया शियाझीला. बीजिंगच्या माझ्या सहकाऱ्याने काल घरी बोलावलं होतं. त्याच्या आईने हाताने ओढलेल्या जाड शेवया उकळून लगेच थंड पाण्यात टाकल्या, दोनदा पाणी बदललं, मग वर परतलेल्या सोयाबीनच्या काळ्या चटणीचा एक चमचा आणि भोवती काकडीचे लांब तुकडे, मुळ्याचा कीस, मोड आलेले मूग. मिसळून खायच्या, शेजारी कच्च्या लसणाची पाकळी. ४० अंशांकडे चाललेल्या दिवसात गरम काही नको, हा हिशेब. त्या माउलीने म्हणून दाखवलं की शियाझीच्या शेवया खाल्ल्या की दिवस रोज एका दोऱ्याने आखूड होतो.

इकडे दक्षिणेत, शेजारच्या वूशीमध्ये, याच दिवशी वाँटन, म्हणजे पातळ पारीत सारण भरून उकळलेले छोटे घास, खातात. शियाझीला पानात बांधलेले चिकट भाताचे झोंगझी खायची पद्धतही जुनी आहे, सहाव्या शतकातल्या नोंदीत सापडते. आता झोंगझी म्हटलं की लोकांना पाचव्या महिन्याच्या पंचमीच्या नौकाशर्यतींचा सणच आठवतो. २०२३ मध्ये तो सण शियाझीच्या दुसऱ्याच दिवशी होता, ऑफिसात दोन दिवस नुसती झोंगझीची ताटं फिरत होती.

नर्मदेकाठी | २२ जून, सकाळी ९:०२

माहिती छान. पण ही सगळी विद्या बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातूनच चीनला गेली, हे कुणीच लिहिलं नाही. याची नोंद व्हायला हवी.

उत्तरायणी | २२ जून, सकाळी १०:३०

नर्मदेकाठी, भारतीय ज्योतिषी तिकडे होते, आणि अगदी मोठ्या पदावर होते, ही गोष्ट खरी आहे. थांग राजधानी चांगआनमध्ये गौतम नावाचं भारतीय वंशाचं ज्योतिष्यांचं घराणंच होतं. त्यातला गौतम सिद्ध हा दरबारी ज्योतिष विभागाचा प्रमुख झाला. ७१८ मध्ये त्याने नवग्रहांच्या गणिताचा भारतीय ग्रंथ चिनी भाषेत आणला, त्यात शून्यासाठी बिंदू आहे आणि 'ज्या'चं (त्रिकोणमितीतल्या साइनचं) कोष्टक आहे. हे आपल्याला अभिमान वाटावा असंच आहे.

पण सर्वांत मोठा दिवस सावलीवरून मोजण्याची विद्या त्याच्या हजार वर्षं आधीपासून तिकडे होती. ती त्यांची आहे. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात.

आणि याच काळातली एक मोहीम सांगायलाच हवी. जुन्या ग्रंथांत धरलं होतं की दर हजार ली (ली हे अंतराचं चिनी माप) दक्षिणोत्तर अंतराला शियाझीची सावली एक त्सुनने बदलते. शतकानुशतकं कुणी मोजून बघितलं नव्हतं. ७२४ मध्ये यी शिंग हा भिक्षू आणि आपला दगडी खांबवाला नानगोंग युए यांनी ते करायचं ठरवलं. उत्तरेच्या मैदानापासून पार आजच्या व्हिएतनामपर्यंत ठिकठिकाणी आठ छीच्या काठ्या रोवून सावल्या मोजल्या गेल्या. हनानच्या सपाट प्रदेशात तर दोरीने अंतरही मोजलं. निघालं काय? ५२६ लीच्या अंतरातच सावलीत दोन त्सुनपेक्षा जास्त फरक पडतो. हजार लीला एक त्सुन हा नियम तिथेच मोडीत निघाला. मग त्यांनी ध्रुवाची उंची एक अंशाने बदलायला किती चालावं लागतं ते काढलं: ३५१ ली आणि ८० बू (बू हे लीपेक्षा लहान माप). ग्रंथात लिहिलंय म्हणून मान डोलावण्यापेक्षा तेराशे वर्षांपूर्वी माणसं काठी घेऊन हजारो ली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नर्मदेकाठी | २२ जून, सकाळी १०:४८

गौतम सिद्धाबद्दल माहीत नव्हतं. या माणसावर स्वतंत्र धागा काढा, ही विनंती.

अकरावी_अ | २२ जून, दुपारी १२:५५

पुण्यात आत्ता ढग जरा फाटलेत आणि मी गच्चीत झाडूचा दांडा उभा धरून बघितलं. सावली दक्षिणेकडे पडतेय! चीनमध्ये उत्तरेकडे पडत असेल ना? असं का?

पंचांगवाचक | २२ जून, दुपारी १:२०

शाब्बास बाळा, डोळ्यांनी बघितलंस. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. सूर्य आज साडेतेवीस अंशांच्या कर्कवृत्तावर डोक्यावर आहे, म्हणजे आपल्या उत्तरेला पाच अंश. म्हणून सावली दक्षिणेला. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. दंगफंग वृत्ताच्या उत्तरेला, म्हणून तिथे शियाझीलासुद्धा सावली उत्तरेकडेच, फक्त वर्षातली सर्वांत आखूड.

शियाझीलाच सावली नाहीशी होणारी जागा पूर्व आशियात आहे, तैवानमधलं च्याई. रेल्वेमार्ग पुरा झाला तेव्हा, १९०८ मध्ये, जपानी अमदानीत तिथे कर्कवृत्ताचा पहिला स्तंभ उभारला. कर्कवृत्त दरवर्षी १५ मीटरच्या आसपास दक्षिणेकडे सरकतं, तेव्हा आज ते त्या जागेपासून दीड किलोमीटरहून अधिक पुढे गेलंय. २१ जून २०२० ला याच च्याईवरून कंकणाकृती सूर्यग्रहण गेलं. मी वर सांगितलेल्या अधिक चौथ्याच्या दुसऱ्याच दिवशी, शियाझीच्या दिवशी, कर्कवृत्तावर. तेच ग्रहण आपण इथे खंडग्रास पाहिलं.

हानगांगकाठचा | २२ जून, दुपारी ३:४०

सोलमध्ये पीएचडी करतोय. हाजीला इथे बटाटे! गांगवॉन या डोंगराळ प्रांतातला नवा बटाटा या सुमारास निघतो, त्याला नावच हाजी-बटाटा. उकडून किंवा किसून थालीपिठासारखं तव्यावर लावून खातात.

शेतकऱ्यांच्या दोन म्हणी माझ्या गाइडनी सांगितल्या. एक, हाजी उलटली की प्रत्येक ढग पाऊस देतो. दुसरी, हाजीनंतर माणूस पाय खाचराच्या पाणवाटेत बुडवूनच जगतो, म्हणजे पाणी सोडणं-अडवणं यातच दिवस जातो. पूर्वी लावणी पूर्ण पावसावर होती, तेव्हा हाजीपर्यंत पाऊस नाही आला तर गावोगाव पावसासाठी पूजा व्हायच्या, राजासुद्धा करायचा.

पण कोरियात लोक ज्याची वाट बघतात ते साम्बोक, तीन कडक उन्हाचे दिवस. त्या दिवशी जिनसेंग, खजुरासारखी फळं आणि भात पोटात भरलेल्या आख्ख्या कोंबडीचं उकळतं सूप प्यायला हॉटेलांबाहेर रांगा. उन्हाला उन्हाने मारायचं, असं म्हणतात. या तारखा कशा ठरतात ते मात्र मला कळलेलं नाही. दरवर्षी वेगळ्या असतात.

सुचौवाला | २२ जून, दुपारी ४:२५

हानगांगकाठचा, हेच आमचं सानफू. आणि त्याची चावी शियाझीतच आहे.

दिवसांना १० चिन्हांचं एक चक्र सतत चालू असतं, आपल्या वारांसारखं, फक्त १० दिवसांचं. त्यातलं सातवं गंग. शियाझीपासून पुढे तिसरा गंग दिवस आला की पहिला फू, चौथ्या गंगला मधला फू, आणि लीचीउनंतरच्या पहिल्या गंगला शेवटचा फू. गंग धातू तत्त्वाचा. उन्हाळ्याची आग धातूला वितळवते, म्हणून या दिवशी धातूने दबून राहायचं, अशी जुनी समजूत. इसवी सनापूर्वी ६७६ मध्ये छिन राज्यात हे दिवस पाळायला सुरुवात झाली अशी नोंद आहे.

यंदा: शियाझी २१ जून. गंग दिवस ३० जून, १० जुलै, २० जुलै. म्हणजे पहिला फू २० जुलैला, मधला ३० जुलैला. लीचीउ ७ ऑगस्टला, त्यानंतरचा गंग ९ ऑगस्टला. मधल्या आणि शेवटच्यात १० दिवस, एकूण सानफू ३० दिवसांचं. गेल्या वर्षी १५ जुलै, २५ जुलै, १४ ऑगस्ट होते. मधला २० दिवसांचा, म्हणून ४० दिवसांचं.

सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये आणि कडक उन्हाळा जुलै-ऑगस्टात का, हेही यात आलं. जमीन आणि समुद्र तापायला महिनाभर घेतात. थर्मामीटर नसताना त्या लोकांनी तो महिना हिशेबात धरला होता.

या दिवशी इथे दवाखान्यांबाहेर सकाळी सहापासून रांगा असतात. हिवाळ्यात दमा उफाळतो त्यांच्या पाठीवर पांढऱ्या मोहरीची पूड आणि आल्याच्या रसाचा लेप चिकटवतात, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या फूला. शेजारच्या आजोबांबरोबर गेलो होतो. खोलीभर आल्याचा वास, ओळीने पालथी झोपलेली माणसं आणि प्रत्येकाच्या पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या चौकोनी पट्ट्या. आजोबांच्या पाठीला फोड आले होते, तरी ते दरवर्षी जातात. मी डॉक्टर नाही, गुणाबद्दल काही सांगत नाही.

रानवारा | २२ जून, संध्याकाळी ६:१०

याच दिवसांत युलिनला कुत्र्यांचं मांस खाण्याचा मेळावा भरतो ना? त्याबद्दल कुणी बोलत नाही.

सुचौवाला | २२ जून, संध्याकाळी ६:३५

भरतो, ग्वांगशीत. पण तो गेल्या १५-२० वर्षांतला आहे, त्याला प्राचीन परंपरा म्हणणं बरोबर नाही. इथलेच प्राणिमित्र त्याच्याविरुद्ध उभे राहतात, ट्रक अडवतात. २०२० मध्ये सरकारने पाळीव पशुधनाच्या यादीतून कुत्रा वगळला. माझ्या ओळखीतल्या एकाही घरात शियाझीशी याचा संबंध नाही. ग्वांगशी-ग्वांगडोंगकडे या दिवसांचं खरं वैभव म्हणजे लिची.

रानवारा | २२ जून, संध्याकाळी ६:५०

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. माझा विषय पशुपक्षी, म्हणून एक भर. शियाझीच्या १५ दिवसांचे पुन्हा पाच-पाच दिवसांचे तीन तुकडे केलेत: हरणांची शिंगं गळतात, सिकाडा ओरडू लागतात, पाणथळीत बांश्या नावाची वनस्पती उगवते. हिवाळ्यातल्या टोकाच्या दिवशीही शिंगं गळण्याचीच नोंद आहे, पण ती 'मी' नावाच्या वेगळ्या हरणाची. अठराव्या शतकात च्यानलाँग सम्राटाला शंका आली, कारण त्याला माहीत असलेली सगळी हरणं उन्हाळ्यातच शिंगं टाकायची. त्याने बीजिंगच्या दक्षिणेच्या शिकारी बागेत माणूस पाठवला आणि ऐन थंडीत शिंगं टाकणारं हरीण सापडलं. लांब शेपटीचं, आज आपण ज्याला पेअर डेव्हिडचं हरीण म्हणतो ते.

ओसाकाची_मेघना | २२ जून, रात्री ८:०५

रानवारा, जपानने हे तुकडे जसेच्या तसे घेतले नाहीत! शिबुकावा शुनकाईने १६८५ मध्ये जपानचं स्वतःचं पहिलं पंचांग केलं. तोपर्यंत ८२३ वर्षं चीनकडून आलेलं एकच पंचांग चालू होतं आणि त्यातली ग्रहणंही हुकायला लागली होती. त्याने या नोंदी इथल्या निसर्गाप्रमाणे बदलल्या. गेशीला हरणांऐवजी एक रानफूल सुकतं, मग आयरिस फुलतो. तिसरी मात्र ठेवली, तीच हांगेशो. १८७३ मध्ये जपानने चांद्र पंचांग सोडलं तरी गेशीचा क्षण दरवर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय वेधशाळा राजपत्रात छापते, पुढच्या वर्षाचा.

मधुरा, फोटो टाकलाय.

अकरावी_अ | २२ जून, रात्री ९:१५

सुचौवाला दादा, मी पुढच्या वर्षीचं काढून बघितलं. ९ ऑगस्ट गंग, त्यात ३६० मिळवले तर ४ ऑगस्ट २०२६ गंग. मागे आलो: २५ जुलै, १५ जुलै, ५ जुलै, २५ जून. शियाझी २१ जूनला, म्हणजे तिसरा गंग १५ जुलै. बरोबर आहे का? आणि लीचीउ ७ ऑगस्ट धरली तर शेवटचा फू १४ ऑगस्टला, म्हणजे ४० दिवस?

सुचौवाला | २२ जून, रात्री ९:४०

एकदम बरोबर. १५ जुलै, २५ जुलै, १४ ऑगस्ट. हानगांगकाठचा, पुढच्या वर्षीच्या सूपाच्या तारखा लिहून ठेव.

पंचांगवाचक | २२ जून, रात्री ९:५८

अकरावी अ, आता तुला एक जड कोडं. १९८५ मध्ये व्हिएतनामचं नववर्ष २१ जानेवारीला आलं आणि चीनचं २० फेब्रुवारीला. नियम दोघांचा एकच, फक्त व्हिएतनामचं घड्याळ बीजिंगच्या एक तास मागे. डिसेंबर १९८४ मध्ये सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचला तो क्षण बीजिंगच्या घड्याळात २२ तारखेच्या ००:२३ ला होता, आणि त्यांच्या चांद्र महिन्याची प्रतिपदा २२ तारखेलाच होती. हानोईच्या घड्याळात किती वाजले होते, तारीख कोणती, आणि मग तो क्षण कोणत्या महिन्यात पडला, ते मांड.